चाकोरीचे गणित

मराठी लेखकाला ‘चाकोरी’ हा शब्द फारसा आवडत नाही. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीतली कथा, चाकोरीबाहेरचा विचार अशा प्रयोगांत तो बहुधा तक्रारीसाठीच येतो. माझा पोटापाण्याचा व्यवसाय मात्र शब्दशः चाकोरीचा आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात रस्तेबांधणी शिकवतो आणि डांबरी रस्त्यावर चाकांच्या वाटेने जे लांबट खोलगे पडतात, ते किती काळात किती खोल होतील याचा अंदाज संगणकावर बांधतो. बैलगाडीच्या कच्च्या वाटेवर पडते तीच ही चाकोरी. बैलांच्या जागी ट्रक आला आणि मातीच्या जागी डांबर-खडी आली, एवढाच फरक.

खड्डा सर्वांना दिसतो. त्याच्यावर मोर्चे निघतात, व्यंगचित्रे निघतात, आरजेंची गाणी निघतात. चाकोरीच्या वाट्याला असे काही येत नाही. ती उन्हाळ्यात गुपचूप पडते आणि पावसाळ्यात उघडी पडते. तिच्यात पाणी साचून रस्त्यावर दोन लांबलचक आरसे तयार होतात. वेगातल्या मोटारीचे चाक त्या पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. दुचाकीवाला मार्गिका बदलायला जातो आणि त्याचे चाक चाकोरीच्या काठावरून घसरते. आपल्याकडच्या आराखड्यांत सरासरी २० मिलिमीटर खोलीची चाकोरी म्हणजे रस्त्याचे आयुष्य संपले, असे धरतात. ती मोजण्याची रीत अगदी साधी आहे. तीन मीटर लांबीची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवायची, तिच्याखाली खुणा केलेली पाचर सरकवायची आणि आकडा वाचायचा.

काही वर्षांपूर्वी एका घाटरस्त्याच्या मजबुतीकरणाचा आराखडा तपासणीसाठी आमच्या विभागाकडे आला. रहदारीची मोजणी, मातीच्या चाचण्या, थरांच्या जाड्या असे सगळे सोबत होते. मी आकडे भरले. रस्त्याचे आयुष्य मागितल्यापेक्षा बरेच जास्त निघाले, तेव्हा मी सही केली. दुसरा उन्हाळा सरता सरता तिथल्या अभियंत्याचा फोन आला. तो माझाच जुना विद्यार्थी. “सर, आपला चढावरचा रस्ता बसला,” असे तो म्हणाला. ‘तुमचा’ न म्हणता ‘आपला’ म्हणाला, हा त्याचा सुसंस्कृतपणा.

जाऊन पाहिले. उताराच्या बाजूला रस्ता जवळजवळ सपाट होता. चढाच्या बाजूला, ट्रक ज्या डाव्या मार्गिकेतून रखडत जातात तिथे, पट्टीखाली २६ मिलिमीटर भरले. चाकोरीच्या दोन्ही कडांना डांबर वर उचलले गेले होते. मऊ कणकेवर मूठ दाबली की कडेने कणीक फुगते, तसे. मग आम्ही रस्त्याला आडवा चर घेतला. रस्त्याच्या पोटात काय झाले आहे हे कळायला यापेक्षा चांगला उपाय अजून निघालेला नाही. छेदात मातीची वरची रेघ सरळ होती. तिच्यावरच्या खडीच्या थराची रेघही सरळ होती. जे काही खचले होते ते फक्त वरच्या डांबरी थरांत. माझा सगळा हिशेब ज्या मातीला सांभाळण्यासाठी होता, ती माती शाबूत होती.

परत येऊन हिशेब तपासला. एकही आकडा चुकलेला नव्हता. बरोबर हिशेबातून असा रस्ता कसा मंजूर होतो, हे समजून घेण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली.

त्यासाठी संगणक नेमके काय करतो ते पाहावे लागेल. जमिनीवर एखादे वजन ठेवले तर तिच्या पोटात खोलवर दाब कसा पसरतो, याचे गणित फ्रेंच गणिती जोसेफ बूसिनेस्क यांनी १८८५ साली मांडले. त्यांची जमीन एकसंध होती. रस्ता मात्र थरांचा असतो. वर डांबर, खाली खडी, त्याखाली मुरूम आणि तळाशी माती. थरांचे गणित न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डोनाल्ड बर्मिस्टर यांनी १९४३ मध्ये दोन आणि १९४५ मध्ये तीन थरांसाठी सोडवले. ते हाताने करायचे म्हणजे माणूस जेरीस येतो. संगणक आल्यावर ते क्षणात होऊ लागले. आपल्या देशात त्यासाठी ‘आयआयटीपेव्ह’ नावाची प्रणाली वापरतात. प्रत्येक थराची जाडी आणि ताठपणा भरायचा, वर चाकाचा भार ठेवायचा, की कोणत्या थरात किती दाब आला आणि तो किती चेपला गेला हे कळते. या चेपले जाण्याच्या प्रमाणाला पाठ्यपुस्तकांत ‘विकृती’ म्हणतात. शब्द घाबरवणारा असला तरी गोष्ट साधी आहे. एक मीटर उंचीची वस्तू पाव मिलिमीटरने चेपली, तर तिची विकृती दहा लाखांत २५०.

ही विकृती तळच्या मातीच्या माथ्यावर किती येते, ते बघायचे. मग इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी:३७’ या मार्गदर्शिकेतले सूत्र लावायचे. (जाता जाता एक गोष्ट. ही संस्था १९३४ साली निघाली ती ज्या रस्ते समितीच्या शिफारशींतून, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून कविता वाचणाऱ्यांना रस्त्यांशी असलेले हे नाते सहसा ठाऊक नसते.) मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत हे सूत्र सांगते की रस्त्याचे आयुष्य विकृतीच्या साडेचार घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. नेमका घात ४.५३३७. मोठ्या महामार्गासाठीचे आकडे घातले तर दहा लाखांत ३०० विकृतीला रस्ता प्रमाणित भाराच्या सुमारे १३ कोटी फेऱ्या सोसतो. विकृती ४०० झाली तर जेमतेम साडेतीन कोटी. एक मीटरमागे दशांश मिलिमीटरचा फरक आणि साडेनऊ कोटी फेऱ्यांचा हिशेब!

खरी मेख पुढे आहे. बूसिनेस्क आणि बर्मिस्टर यांचे थर स्थितिस्थापक आहेत. चाक आले की ते दबतात आणि चाक पुढे सरकले की पूर्ववत होतात, एका केसाइतकाही फरक न राखता. अशा रस्त्यावरून कोट्यवधी ट्रक गेले तरी चाकोरी पडायची नाही, कारण त्याला आठवणच नाही. चाकोरी म्हणजे प्रत्येक चाकामागे परत न आलेल्या अतिसूक्ष्म अंशांची बेरीज. संगणक ही बेरीज करतच नाही. तो एका चाकाचा एक क्षण मोजून देतो. पुढचे काम सूत्र करते आणि सूत्र येते ते अनुभवातून. केंद्रीय मंत्रालयाच्या संशोधन योजनांमध्ये देशातल्या प्रत्यक्ष रस्त्यांवर जी निरीक्षणे झाली, त्यांच्याशी जुळवून ते आकडे ठरवलेले आहेत. म्हणजे अर्धे यंत्रशास्त्र आणि अर्धा इतिहास. पडद्यावर मात्र दोन्ही एकाच ठशात उमटतात आणि सही करणाऱ्याला त्यांतली शिवण दिसत नाही.

या इतिहासाचे मूळ अमेरिकेत आहे. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या वळसेदार रस्त्यांवर लष्करी चालकांनी ट्रक फिरवले. फिरवले म्हणजे अक्षरशः गोल गोल फिरवले. दोन वर्षांत सुमारे ११ लाख १४ हजार आसांच्या फेऱ्या. आस म्हणजे ज्याला आपले ट्रकवाले एक्सेल म्हणतात तो. रस्त्याचे नुकसान आसाच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, हा प्रसिद्ध नियम तिथून निघाला. भार दुप्पट झाला की नुकसान सोळापट. आपण आजही सगळी रहदारी ८० किलोन्यूटनच्या, म्हणजे सव्वाआठ टनांच्या आत-बाहेरच्या प्रमाणित आसात बदलून मोजतो. तो आकडा तिथल्या १८,००० पौंडांचा अवतार आहे.

या नियमाचा हिशेब आपल्या दारातही करून पाहता येतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम १३ टक्के. चौथ्या घाताने नुकसान वाढते सुमारे ६२ टक्के. तितकाच माल कमी खेपांत जातो हे खरे, पण रस्त्याच्या बाजूने पाहिले तर तो सौदा फायद्याचा पडत नाही.

ओटावाच्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष चौथ्या घाताइतका गाजला नाही. तिथेही चर घेऊन प्रत्येक थर किती पातळ झाला ते मोजले होते. चाकोरीतला ३२ टक्के वाटा वरच्या डांबरी थराचा निघाला, १४ टक्के त्याखालच्या थराचा, ४५ टक्के त्याच्याही खालच्या थराचा आणि तळच्या मातीचा फक्त ९ टक्के. आपले सूत्र नजर ठेवते ते या नऊ टक्केवाल्यावर! यात फसवणूक नाही. जुन्या काळी डांबराचा थर पातळ असे आणि माती हीच दुबळी जागा होती. माती वाचली की वरचे थर वाचतील, असे गृहीत धरले होते. वरचे मिश्रण चांगले बनवा, हे मार्गदर्शिका वेगळे बजावतेच. आता डांबराचे थर जाड झाले, ट्रक जड झाले आणि दुबळी जागा वर सरकली. खोलवर, मातीपर्यंत, चाकाचे फक्त एकूण वजन पोहोचते. टायरमध्ये हवा किती ठासून भरली आहे हे मातीला कळत नाही. पृष्ठभागाखाली पाच-दहा सेंटीमीटरवर मात्र ते फार कळते. माझ्या हिशेबात टायरचा दाब ०.५६ मेगापास्कल होता, मार्गदर्शिकेत आहे तोच. घाटात मोजला तो ०.८ च्या आसपास निघाला.

दुसरी गोष्ट उन्हाची. मार्गदर्शिकेत डांबरी मिश्रणाच्या ताठपणाचा एक तक्ता आहे. ‘व्हीजी-३०’ जातीच्या डांबराचे मिश्रण २० अंश सेल्सिअसला ३५०० मेगापास्कल, ३५ अंशांना २००० आणि ४० अंशांना १२५०. तक्ता तिथे संपतो. आराखड्यासाठी वर्षाचे सरासरी तापमान म्हणून ३५ अंश धरतात. पण चाकोरी सरासरीला पडत नाही, ती मे महिन्याच्या दुपारी पडते. विदर्भात त्या वेळी रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या वर जातो. गंमत म्हणजे खुद्द डांबराची प्रतवारी करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पूर्वी २५ अंशांना सुई डांबरात किती रुतते यावरून प्रत ठरायची. २००६ पासून भारतीय मानकात ६० अंशांची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, पाहिली जाते. डांबर विकत घेताना साठ अंशांचा विचार आणि रस्त्याचा हिशेब करताना पस्तिसाचा, अशी ही आपली कामाची वाटणी.

तिसरी गोष्ट वेळेची आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर टायरचा साधारण २० सेंटीमीटरचा ठसा रस्त्याच्या एका बिंदूवरून जायला सेकंदाचे १२ सहस्रांश लागतात. अशा दहा लाख फेऱ्या झाल्या तर दाबाचा एकूण वेळ होतो १२ हजार सेकंद. दहा लाख चाकांचे सगळे ओझे मिळून तीन तास वीस मिनिटे! तोच ट्रक घाटात ताशी १५ किलोमीटरने चढत असेल तर हा वेळ होतो तेरा तास वीस मिनिटे आणि ताशी सहाने रखडत असेल तर तेहेतीस तास. स्थितिस्थापक मातीला याने काही फरक पडत नाही. डांबराला पडतो, कारण डांबर हे मनाने पातळ पदार्थ आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबराच्याच कुळातल्या ‘पिच’ या पदार्थाचा गोळा काचेच्या नसराळ्यात ठेवला. हातोडीने मारला तर तो काचेसारखा फुटतो. पण १९३० साली नसराळ्याचे तोंड कापल्यापासून तो थेंब थेंब गळतो आहे. आठवा थेंब पडला २००० साली, नववा २०१४ मध्ये. झटक्यात मारलेल्याला फुटून उत्तर आणि रेंगाळणाऱ्याला वाहून उत्तर, असा त्याचा स्वभाव. रस्त्यातल्या डांबराचा स्वभाव याहून मऊ, पण घडण तीच. म्हणून एकाच जाडीच्या, एकाच दिवशी ओतलेल्या रस्त्यावर उताराची बाजू टिकते आणि चढाची बसते. सिग्नलजवळ आणि बसथांब्यापाशी रस्ता आधी का बसतो, याचेही कारण हेच.

आठवण असलेल्या रस्त्याचे मॉडेल करायचे तर प्रत्येक चाकाने झालेल्या विकृतीचे भाग पाडावे लागतात. लगेच परत येणारी, सावकाश परत येणारी आणि कधीच परत न येणारी. ही तिसरी तीन टप्प्यांत वाढते. नव्या रस्त्यात सात-आठ टक्के हवेच्या पोकळ्या असतात. पहिल्या काही महिन्यांत चाकांखाली त्या मिटतात आणि चाकोरी भराभर वाढते. मग ती मंदावते आणि वर्षानुवर्षे संथ चालते. पोकळ्या तीन टक्क्यांच्या खाली गेल्या की तिसरा टप्पा येण्याची भीती असते. आता दबायला जागा उरत नाही. खडीचे दाणे एकमेकांवरून घसरतात आणि मिश्रण कडेला पळते. घाटात कडा फुगलेल्या दिसल्या तेव्हाच हे ओळखायला हवे होते.

असे मॉडेल करताना रस्त्याचे हजारो छोटे ठोकळे कल्पून प्रत्येकाचा हिशेब ठेवतात. एका चाकाची एक फेरी सोडवायलाच संगणक वेळ घेतो, तर कोट्यवधी फेऱ्या कोण सोडवणार? म्हणून एक युक्ती करतात. वर केला तसा दाबाच्या सगळ्या वेळेचा गठ्ठा करायचा आणि तितका वेळ चाक एकाच जागी उभे आहे असे मानायचे. युक्ती कामाची आहे, पण तिच्यात दोन ट्रकांमधली विश्रांती हरवते. डांबर त्या विश्रांतीत थोडेफार सावरत असते. प्रयोगशाळेतली डांबराची एक नवी चाचणी याच कारणाने एक सेकंद भार आणि नऊ सेकंद विसावा अशा आवर्तनांत घेतात. घाटात ट्रकाला ट्रक चिकटलेला असतो, तिथे नऊ सेकंद कुठले? खडीचा एकेक दाणा वेगळा कल्पून त्यांच्या टकरी मोजणारी मॉडेलेही आहेत. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये त्यांची वाट घालून दिली. बघायला ती फार सुंदर असतात. आराखड्याच्या कामाला अजून महाग पडतात.

अमेरिकेने २००४ मध्ये काढलेल्या नव्या पद्धतीने मधला मार्ग घेतला. क्षणाची विकृती थरांच्या गणिताने काढायची, मात्र प्रत्येक थरासाठी, प्रत्येक महिन्याच्या हवामानात वेगवेगळी. मग तिच्यातला कायमचा अंश तापमान आणि फेऱ्यांवरून काढायचा. त्या मूळ सूत्रात डांबरासाठी तापमानाचा घात सुमारे १.५६ आहे आणि फेऱ्यांचा ०.४८. फेऱ्यांचा घात जवळजवळ वर्गमुळाचा, म्हणजे रहदारी चौपट झाली तर चाकोरी साधारण दुप्पट. हे आकडेही तिथल्याच रस्त्यांवरच्या दीर्घ निरीक्षणांतून बसवलेले आहेत आणि तिथली राज्ये आपापल्या रस्त्यांवर चर घेऊन ते पुन्हा बसवतात. नेमके हे काम आपल्याकडे कमी पडते. आपण प्रणाली आणतो, परवाना घेतो, प्रशिक्षण घेतो. चर घ्यायला मात्र कोणी तयार नसते, कारण धडधाकट रस्ता फोडण्याची परवानगी द्यायची कोणी?

मी माझा घाट नव्या रीतीने पुन्हा सोडवला. मे महिन्याचे तापमान, ताशी १५ चा वेग, मोजलेला टायरदाब. या वेळी कागदावर चाकोरी उमटली, प्रत्यक्षातल्या आकड्याच्या बरीच जवळ. माझ्या तरुण सहकाऱ्यांना आनंद झाला. मला तितका झाला नाही, कारण पत्रिका जुळवून झाल्यावर लग्न मोडल्याचे कारण सांगणारे ज्योतिषी मी पुष्कळ पाहिले आहेत. उत्तर ठाऊक असताना आकडे जवळ आणणे फारसे अवघड नसते.

एक गोष्ट मात्र त्या खटाटोपात नव्याने कळली. चाके सगळी एकाच रेषेवरून जात नाहीत, थोडी इकडे-तिकडे भटकतात. जितकी भटकंती जास्त, तितकी चाकोरी उथळ. आपले बेशिस्त चालक, मार्गिकेची रेघ न जुमानणारे, अजाणता रस्त्यावर उपकार करतात! उद्या संगणकाने चालणारे ट्रक येतील आणि रेघेच्या मधोमध, बोटभरही न ढळता चालतील, तेव्हा चाकोरी आणखी लवकर पडेल अशी काळजी अभ्यासकांना आहे. उपायही सोपा आहे. त्या ट्रकांना थोडे भटकायला शिकवायचे.

घाटातले वरचे थर खरवडून काढले आणि घट्ट जातीचे डांबर व जाड खडीचा सांगाडा असलेले मिश्रण घातले. काम सुरू होण्याआधी मी माझा अंदाज लिहून, तारीख घालून त्या विद्यार्थ्याकडे बंद पाकिटात दिला. तिसऱ्या उन्हाळ्याअखेर ५ ते ११ मिलिमीटर. गेल्या जूनमध्ये पट्टी आणि पाचर घेऊन आम्ही दोघे गेलो. बहुतेक ठिकाणी सहा, सात, आठ. वरच्या वळणाच्या अलीकडे मात्र एका जागी १४. रहदारी तीच, मिश्रण तेच, चढही फारसा वेगळा नाही. आम्ही बुचकळ्यात पडलो. शेवटी चहाच्या टपरीवाल्या मावशींनी सांगितले, “इथं गाड्या तापतात ना, पाणी घालायला थांबतात सगळे.”

वेगाच्या रकान्यात शून्य भरले की दाबाचा वेळ अनंत होतो आणि प्रणाली चूक दाखवून थांबते. त्या जागेसाठी सध्या मी ०.५ भरतो आहे. ट्रक तिथे सरासरी किती मिनिटे उभे राहतात, ते मावशींचा मुलगा वहीत लिहून ठेवतो आहे.